हरवलं तर शोधाल का?

नमस्कार श्रोतेहो. आज बोलू या घरातल्या पसाऱ्याबद्दल. काय ठेवायचं, काय काढायचं, यावर घराघरात वाद होतात. त्यावर एक गोष्ट ऐका.

डिसेंबर 1915. मुंबईत काँग्रेसचं अधिवेशन होतं. आपल्या साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर गांधीजींकडे गेले. पाहतात तर गांधीजी मेजावर इकडेतिकडे काहीतरी शोधताहेत. काय हरवलं? तर पेन्सिल! काकांनी लगेच आपली पेन्सिल पुढे केली. तुम्ही-आम्ही असतो तर ती घेऊन कामाला लागलो असतो. गांधीजींनी ती घेतली नाही. त्यांना त्यांचीच हवी होती. मद्रासचे प्रकाशक नटेसन यांच्या लहान मुलानं ती प्रेमानं दिली होती, ती हरवून कशी चालेल? मग दोघंही शोधायला लागले आणि पेन्सिल सापडली. केवढी होती म्हणता? पुरती दोन इंचसुद्धा नाही! आपल्याकडे एव्हाना केरात गेली असती. इतक्या कमी सामानात राहणारा माणूस, पण ठेवलेला एवढासा तुकडासुद्धा हरवला तर शोधणारा.

तर वस्तू हातात घ्या आणि विचारा: हरवली तर शोधाल का? नाही? मग काढा.

सुरुवात माळ्यापासून नको, दमायला होतं. फोटोंपासून तर नकोच, बघत बसता. स्वयंपाकघरातली एकच ट्रॉली घ्या, अर्धा तास. सगळं वर्तमानपत्रावर ओता, ट्रॉली पुसा, प्रत्येक डब्याला झाकण लावून बघा. जोडी न जमलेलं काढा. नवे डबे आधी विकत आणू नका, तेही भरतात.

औषधांच्या पट्टीवर तारीख बहुधा एका टोकाला असते. गोळ्या दुसऱ्या टोकाकडून कापा, म्हणजे तारीख शेवटपर्यंत राहते. मिक्सरचं बिल आणि वॉरंटी कार्ड फाइलमध्ये ठेवा, खोकं रद्दीत द्या. पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो आणि झुरळं त्याच्या घड्यांत अंडी घालतात.

बोहारणीला जुने कपडे देऊन पातेलं घेतलंत, तर पसारा कपाटातून फक्त ओट्याखाली गेला. आणि लग्नाचा आहेर रोखच द्यावा, असं माझं ठाम मत आहे. तेच सहा पेले किती घरं फिरणार?

ज्याचा निर्णय होत नाही ते एका खोक्यात भरा, वर तारीख लिहा. सहा महिने उघडलं नाही तर देऊन टाका. त्यात कागदपत्रं आणि सेल मात्र घालू नका, सेल गळतात. दुसऱ्याच्या वस्तू त्याला विचारल्याशिवाय हलवू नका.

पुन्हा सांगतो: एक ट्रॉली, अर्धा तास, एक प्रश्न. पण रद्दीवाल्याला आधी बोलावून ठेवा, मगच उपसा काढा. दारामागे ठेवलेली पिशवी दोन दिवसांत पुन्हा उघडली जाते आणि निम्मं सामान परत ट्रॉलीत जातं.