इंजिन पाठीशी: जोडलेली गाडी आणि घेतलेली गाडी

(दृश्य: गॅरेज. मधोमध घोडीवर ठेवलेली उघडी चासी.)

पोलादी नळ्या वेल्ड करून केलेला हा सांगाडा. सीटच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे जी मोकळी जागा दिसतेय, तिथे इंजिन बसणार. भोवतीच्या खोक्यांत सस्पेन्शनचे आर्म आहेत, स्टीअरिंग रॅक आहे, पेडल आहेत, फायबरची बॉडी आहे. अख्खी स्पोर्ट्स कार या खोलीत आहे, फक्त ती अजून कुणी जोडलेली नाही.

अशीच मिड-इंजिन गाडी शोरूममधूनही मिळते. पोर्शची बॉक्सस्टर 1996 मध्ये आली. पिढ्यान्‌पिढ्या पुढे इंजिन असलेल्या कॉर्वेटनेही 2020 च्या मॉडेलपासून इंजिन सीटमागे नेलं. मग चावी फिरवून निघता येत असताना माणसं महिनोन्‌महिने पाना घेऊन का बसतात?

पैसे वाचतात म्हणून, हे उत्तर आधी बाजूला काढू. एके काळी ते खरं होतं. ब्रिटनमध्ये तयार गाडीवर पर्चेस टॅक्स लागायचा, सुट्या भागांवर लागायचा नाही. 1957 ची लोटस सेव्हन किट म्हणून, म्हणजे घरी जोडायच्या सुट्या भागांचा संच म्हणून, खपली ती मोठ्या प्रमाणात याच कारणाने. 1973 मध्ये तिथे व्हॅट आला आणि ती सवलत संपली. आज किटची जाहिरातीतली किंमत ही निव्वळ सुरुवात असते. इंजिन, गिअरबॉक्स, टायर, रंगकाम, हत्यारं यांचा हिशेब नंतर लागतो. स्वस्तात स्पोर्ट्स कार हवी असेल, तर वापरलेली फॅक्टरीची गाडी घ्यावी. यात मला जराही शंका नाही.

(दृश्य: वरून घेतलेला शॉट, वळण घेणारी गाडी.)

मिड-इंजिन म्हणजे नेमकं काय, ते आधी बघू. दोन्ही टोकांना वजन बांधलेली काठी मधोमध धरून फिरवून बघा. हात भरून येतो. तेच वजन मुठीजवळ बांधलं, तर काठी सहज फिरते. इंजिन दोन्ही अ‍ॅक्सलच्या मध्ये आलं की गाडीचं असंच होतं. स्टीअरिंग वळवलं की ती लगेच वळते.

पण जी गाडी चटकन वळते, ती चटकन गिरकीही घेते. ऐन वळणात ड्रायव्हरने घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला, तर भार पुढच्या चाकांवर जातो, मागची चाकं हलकी होतात आणि शेपूट बाहेर यायला लागतं. सावरायला फार कमी वेळ मिळतो.

फॅक्टरीच्या गाडीचे पैसे खरे वसूल होतात ते इथे. सस्पेन्शनचं रबरी बुश, म्हणजे सांध्यात बसणारं रबराचं अस्तर, किती मऊ असावं, मागचा टायर पुढच्यापेक्षा किती रुंद असावा, ब्रेक मारताना मागची चाकं कणभर आत वळावीत का बाहेर, असल्या गोष्टींवर टेस्ट ड्रायव्हर आणि इंजिनिअर यांनी पावसात, बर्फात, खराब रस्त्यावर गाड्या झिजवलेल्या असतात. वर स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे घसरू लागलेली गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा, असतो. क्रॅश टेस्ट झालेली असते, एअरबॅग असतात. बहुतेक किट गाड्यांत यातलं काहीच नसतं. तिथे अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, तुमची आणि चूक झाली तर तीही तुमचीच.

(दृश्य: टेबलावर उघडलेला गिअरबॉक्स, क्राउन व्हील.)

आता हा गिअरबॉक्स जवळून बघा. मिड-इंजिन किटचं सगळं मर्म या एका डब्यात आहे. पोर्श 911 मध्ये इंजिन अगदी शेपटाला असतं आणि गिअरबॉक्स त्याच्या पुढे. हीच जोडी मिड-इंजिन गाडीत बसवायची, तर इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागे, म्हणजे सगळं उलटं फिरवावं लागतं. पण तसं केलं की चाकंही उलटी फिरतात. पुढे जायला एकच गिअर उरतो आणि बाकीचे सगळे रिव्हर्स होतात. म्हणून डबा उघडून हे दातेरी चक्र, क्राउन व्हील, दुसऱ्या बाजूला बसवायचं. मग दातांमधली फट पुन्हा डायल गेजने मोजायची. ती मिलिमीटरच्या शतांशांत मोजतात. कमी राहिली तर दात तापतात, जास्त झाली तर गिअरबॉक्स ओरडतो. लोटसने 1966 च्या ‘युरोपा’ या गाडीमध्ये रेनॉ 16 या गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स सीटमागे उलटे बसवले, तेव्हा त्यांनाही हेच करावं लागलं होतं.

अमेरिकेतल्या फॅक्टरी फाइव्ह या किट बनवणाऱ्या कंपनीने त्यांच्या 818 या किटसाठी वेगळी वाट काढली. सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्समध्ये इंजिन पुढच्या अ‍ॅक्सलच्याही पुढे असतं आणि गिअरबॉक्स त्याच्या मागे. ही जोडी दिशा न बदलता तशीच सरकवत मागे नेली, की पुढच्या चाकांना ताकद देणारे शाफ्ट आपोआप मागच्या चाकांना जोडले जातात. फोर-व्हील ड्राइव्हचा उरलेला भाग काढून टाकायचा, झालं. मूळ गाडी साधारण 1400 किलोची. किटचं लक्ष्य होतं 818 किलो, आणि नावही त्यावरूनच पडलं. इंजिन तेच, पण त्याला ओढायला इतकं कमी वजन! या हलकेपणाशी रस्त्यावरच्या फारच थोड्या फॅक्टरी गाड्या बरोबरी करतील, कारण त्यांना एअरबॅग, एसी आणि आवाज अडवणारं अस्तर सोबत वागवावं लागतं.

किट म्हणजे हौशी माणसांचा उद्योग, असं म्हणणाऱ्यांना मला मॅक्लारेनची गोष्ट आवर्जून सांगायची असते. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला मॅक्लारेन एफ1 ही रस्त्यावर चालवायची सुपरकार घडत होती, तेव्हा तिचे गिअरबॉक्स, ब्रेक आणि बीएमडब्ल्यूचं व्ही12 इंजिन तपासायला त्यांना चालत्या गाड्या हव्या होत्या. त्यासाठी त्यांनी घेतल्या दोन अल्टिमा, म्हणजे इंग्लंडमधल्या मिड-इंजिन किट गाड्या. त्यांची टोपणनावं अल्बर्ट आणि एडवर्ड. काम झाल्यावर दोन्ही नष्ट केल्या गेल्या.

(दृश्य: हात, टॉर्क रेंच, बोल्टवर ओढलेली रंगाची रेघ.)

बोल्ट ठरलेल्या ताकदीने आवळला की त्याच्यावरून खालच्या पट्टीपर्यंत रंगाची एक सरळ रेघ मारतात. पुढे कधी रेघ तुटलेली दिसली, तर समजायचं की बोल्ट फिरलाय. ब्रेक, स्टीअरिंग, सस्पेन्शन, सगळीकडे अशा रेघा.

चासी चाकांवर उभी राहिली की वाटतं, आता काय, झालंच. प्रत्यक्षात वेळ खातात ते वायरिंग आणि फायबरची बॉडी. दाराची फट वर बारीक आणि खाली रुंद येते. मग भरा, घासा, दार लावून बघा, परत घासा. कित्येक किट याच टप्प्यावर अर्धवट विकल्या जातात. मग असते इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची कटकट. इंजिन मागे, रेडिएटर बहुधा पुढे, मध्ये गाडीभर लांब नळ्या. कुठल्या तरी उंचवट्यावर हवेचा बुडबुडा अडकतो आणि काटा लालकडे सरकतो. सगळ्यात उंच जागी हवा सोडायचा स्क्रू बसवलेला असेल तर हे दुखणं बरंच आटोक्यात राहतं.

त्यानंतर परीक्षा. ब्रिटनमध्ये 2009 पासून अशा गाड्यांसाठी आयव्हीए, म्हणजे एकेका गाडीला स्वतंत्र मंजुरी देणारी, तपासणी आहे. धूर, ब्रेक, दिवे यांच्याबरोबर तिथे बॉडीच्या कडाही बघतात. पादचाऱ्याला लागू शकेल अशी बाहेरची कड किमान 2.5 मिलिमीटर त्रिज्येने गोलावलेली हवी. हे जाचक वाटतं खरं, पण मला तो नियम पटतो. घरी जोडलेली गाडी रस्त्यावर इतरांमध्येच धावणार असते.

गाडी पास झाल्यावर मालकीतला फरक रोज कळतो. फॅक्टरीच्या गाडीत खडखड झाली की फोन करायचा, वॉरंटी बघायची. किटमध्ये खडखड ऐकूनच मालक सांगतो, मागचा डावा आर्म, आतला बुश. त्याने तो स्वतः दाबून बसवलेला असतो. हे ओळखता येण्यासाठीच माणसं पाना हातात घेतात, असं माझं मत आहे. विकताना मात्र पारडं फिरतं. फॅक्टरीच्या गाडीचा बाजारभाव ठरलेला असतो. किटचा भाव ठरतो जोडणाऱ्याच्या हातावर आणि त्याने जपलेल्या पावत्या-फोटोंवर.

नुसती चालवायची हौस असेल, तर फॅक्टरीची घ्या आणि मनसोक्त चालवा. जोडायचीच असेल, तर खोकी मागवण्याआधी त्याच किटची पूर्ण झालेली गाडी शोधा. मागचं झाकण उघडायला सांगा. ब्रेकच्या नळ्या कुठे घासतायत का बघा, बोल्टवरच्या रेघा बघा, हवा सोडायचा स्क्रू कुठे आहे ते विचारा. आणि जमलं तर अर्धा तास शेजारच्या सीटवर बसून, पाठीमागे इंजिन सुरू असताना, फिरून या.