एकाआड एक: 1 आणि 0 यांचा त्रिकोण

श्रोतेहो, नमस्कार. हाताशी कागद-पेन्सिल असेल तर घ्यावी, कारण आजचा त्रिकोण ऐकण्यापेक्षा मांडून पाहिलेला बरा. पहिल्या ओळीत 1 लिहावा. दुसरीत 1, 0. तिसरीत 1, 0, 1; चौथीत 1, 0, 1, 0; आणि पाचवीत 1, 0, 1, 0, 1. प्रत्येक ओळ 1 ने सुरू करायची आणि पुढे एकाआड एक 0 व 1 लिहीत जायचे, एवढाच नियम. गुरू-लघूंची, म्हणजे दीर्घ-ऱ्हस्व अक्षरांची, अशीच आलटून-पालटून येणारी मांडणी प्राचीन छंदःशास्त्रकार पिंगलाने समानी या वृत्तात नोंदवली आहे. शाळेतून वृत्ते मागे पडली आणि मुलांचा कानही मागे पडला, असे माझे जुने मत आहे, पण ते असो.

या ओळी द्विमान पद्धतीने, म्हणजे उजवीकडून 1, 2, 4, 8, 16 अशा किमती धरून वाचल्या, की 1, 2, 5, 10, 21 या संख्या मिळतात. पुन्हा सांगतो: 1, 2, 5, 10, 21. संगणकाच्या क्लासमध्ये मुलांकडून असले त्रिकोण हौसेने छापून घेतात; त्यांत काय दडले आहे, हे मात्र कोणी विचारत नाही.

आमच्या नारायण पेठेतल्या घरी पितळी कड्यांचे एक कोडे आहे. वडिलांनी ते तांबट आळीतल्या एका कारागिराकडून करून घेतले होते. दांडीत अडकवलेल्या पाच कड्या सोडवायच्या असतात. पहिली कडी केव्हाही काढता-घालता येते. इतर कोणतीही हलवायची, तर तिच्या लगेच आधीची कडी दांडीवर असावी लागते आणि त्याहून आधीच्या सगळ्या सुटलेल्या असाव्या लागतात. दिवाळीच्या सुट्टीत माझ्या भाच्याने ते हाती घेतले, दुसऱ्या कडीपासून सुरुवात केली आणि 10 चालींत चार कड्या सोडवून "मामा, एकच राहिली!" असे तो ओरडला. ती पाचवी मात्र जागची हलेना, कारण तिला चौथी दांडीवर हवी होती. आईने निवडायला घेतलेली मेथी बाजूला सारली आणि म्हणाली, "अरे, तू भलत्याच टोकाला पोचलास. आल्या वाटेने परत ये." पोराला ते पटेना; हातातोंडाशी आलेला डाव कोण मोडणार? बराच वेळ झटापट करून अखेर तो 10 चाली उलट फिरला, पाचही कड्या पुन्हा दांडीवर आल्या, आणि मग आजीच्या सांगण्यावरून त्याने पहिली कडी आधी काढली. पुढे वाट एकच असते. 21 चालींत दांडी मोकळी झाली.

10 आणि 21, म्हणजे आपल्या त्रिकोणाची चौथी आणि पाचवी ओळ. पाच कड्यांच्या 32 स्थिती एकाच रांगेत लागतात. एका टोकाला मोकळी दांडी, दुसऱ्या टोकाला एकटी पाचवी कडी. मधल्या चाली 31, आणि 10101 मध्ये 1010 मिळवले की 11111, म्हणजे 31 च येतात. कड्या आणि द्विमान संख्या यांचे हे नाते लुई ग्रो या फ्रेंच गृहस्थांनी 1872 मध्ये एका पुस्तिकेत मांडले.

आपल्याकडे सहा कड्यांचे कोडे असेल, तर ओळ 101010 आणि चाली 42. मात्र तेथे सुरुवात दुसऱ्या कडीपासूनच करावी.