‘काल गेलो होतो’ आणि इंग्रजीतला ‘हॅड’

(ठाण्यातील एका वाचनालयात नोकरदार प्रौढांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

शाळेत आपण इंग्रजीचे बारा काळ तक्त्यावरून पाठ केले. तीन उभे रकाने, चार आडव्या ओळी आणि प्रत्येक चौकटीत एक वाक्य. मीही अनेक वर्षे तोच तक्ता फळ्यावर काढत आलो, पण त्याने एक गैरसमज पक्का होतो, तो असा की या बारा स्वतंत्र वस्तू आहेत. वास्तविक इंग्रजी क्रियापद स्वतःच्या रूपात वर्तमान आणि भूत एवढे दोनच काळ दाखवते. भविष्यासाठी ‘विल’सारख्या सहायक क्रियापदाचा आधार घ्यावा लागतो. चालू आणि पूर्ण हे काळ नव्हेत. क्रियेकडे बोलणारा कोठे उभा राहून पाहतो, हे त्यांतून कळते.

आपल्या रोजच्या फलाटावरचे उदाहरण घेऊ. ‘व्हेन आय रीच्ड द प्लॅटफॉर्म, द ट्रेन लेफ्ट’ म्हणजे मी पोहोचलो आणि गाडी सुटली. येथे ‘लेफ्ट’च्या जागी ‘वॉज लीव्हिंग’ म्हटले, तर गाडी सुटत होती. धावणाऱ्याला अजून आशा आहे, कारण आपण क्रियेच्या आत उभे आहोत आणि तिचा शेवट आपल्याला दिसलेला नाही. ‘हॅड लेफ्ट’ म्हटले, तर गाडी आधीच गेली होती आणि आता इंडिकेटरवर पुढची गाडी पाहण्याखेरीज हाती काही उरलेले नाही. तिन्ही वाक्ये भूतकाळातलीच आहेत आणि तिन्हींत पोहोचण्याचा क्षणही एकच आहे, तरी ठाण्याच्या प्रवाशाला त्यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही.

पूर्ण रूपातील ‘हॅव’ हा मूळचा ‘जवळ असणे’ या अर्थाचाच ‘हॅव’ आहे. जुन्या इंग्रजीत ‘माझ्याजवळ पत्र लिहिलेल्या स्थितीत आहे’ अशा धाटणीची जी रचना होती, तिच्यातून आजचे ‘आय हॅव रिटन द लेटर’ घडत गेले. म्हणून क्रिया मागे घडलेली असली, तरी तिचे फळ आज हातात आहे, असा या रूपाचा भाव असतो. तिकीट तपासनीसापुढे उभे राहून ‘आय हॅव लॉस्ट माय पास’ म्हटले, तर पास अजून सापडलेला नाही. ‘आय लॉस्ट माय पास’ एवढ्यावरून तो नंतर सापडला की नाही, हे कळत नाही. या ‘हॅव’ची गाठ आजशी बांधलेली असल्यामुळेच त्याला ‘यस्टरडे’ चालत नाही. मराठीत ‘मी त्यांना कालच भेटलो आहे’ हे वाक्य निर्दोष आहे, पण इंग्रजीत ‘आय हॅव मेट हिम यस्टरडे’ चूक ठरते. तेथे ‘आय मेट हिम यस्टरडे’ असेच म्हणावे लागते.

आता ज्या चुकीसाठी मी मुख्यतः येथे उभा आहे, तिच्याकडे येतो. ‘काल मी वाशीला गेलो होतो’ हे आपले अगदी साधे वाक्य आहे. त्यातला ‘होतो’ एवढेच सांगतो की जाणे झाले, परतणेही झाले आणि तो विषय संपला. आपण त्याचे शब्दशः ‘आय हॅड गॉन टू वाशी यस्टरडे’ करतो आणि ऐकणारा इंग्रज पुढच्या वाक्याची वाट पाहत बसतो, कारण ‘हॅड’ ऐकताच त्याच्या मनात प्रश्न उभा राहतो: कशाच्या आधी? इंग्रजीतल्या ‘हॅड’ला भूतकाळातलाच दुसरा एक खुंटा लागतो. ‘बिफोर यू फोन्ड, आय हॅड गॉन टू वाशी’ यात तो खुंटा फोनचा आहे. असा खुंटा नसेल, तर साधे ‘वेंट’ पुरे. ही चूक अज्ञानातून होते, असे मी म्हणणार नाही. दोन भाषांनी ‘होतो’ आणि ‘हॅड’ यांना वेगवेगळी कामे नेमून दिली आहेत, एवढेच तिचे कारण. उलट ‘हॅज गॉन’ आणि ‘हॅज बीन’ हा भेद आपल्याला जड जाऊ नये, कारण ‘तो वाशीला गेला आहे’ आणि ‘तो वाशीला जाऊन आला आहे’ असे आपण नेहमीच वेगळे बोलतो.

दुसरी अडचण ‘पासून’ची. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी आली. ही घटना संपलेली आहे, म्हणून ‘केम’. गाड्यांचे येणे मात्र तेव्हापासून चालूच आहे, म्हणून ‘ट्रेन्स हॅव बीन कमिंग टू ठाणे सिन्स १८५३’. मराठी येथे नुसत्या ‘येत आहेत’वर भागवते आणि तेथूनच ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टेन इयर्स’ हे वाक्य जन्माला येते. त्यात दोन चुका आहेत: क्रियेचा मागचा पल्ला दाखवणारे ‘हॅव बीन’ गळले आहे आणि ‘सिन्स’ कालावधीला जोडला आहे. ‘सिन्स’ला आरंभबिंदू लागतो, कालावधीला ‘फॉर’. आपला ‘पासून’ दोन्ही कामे बिनतक्रार करतो, त्याला बिचारा काय करणार.

‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ हे ‘मला समजतंय’चे अपत्य आहे. समजणे, असणे, माहीत असणे या स्थिती आहेत आणि इंग्रजी त्यांना सहसा ‘इंग’ लावत नाही. मात्र ‘हॅविंग लंच’ चालते, कारण जेवण ही कृती आहे.

शेवटी श्रोत्यांतून एका काकांनी विचारले, की घरून तिसऱ्यांदा फोन आल्यावर आपण ‘आलोच’ म्हणतो, त्याचे इंग्रजी काय? ‘आय ॲम कमिंग’. मराठी माणूस निघण्याआधीच भूतकाळात पोहोचलेला असतो. इंग्रज निदान अजून वाटेत असल्याचे कबूल करतो. काकांनी मान डोलावली आणि तेवढ्यात त्यांचाच फोन वाजला.