साखर न घालता गोड झालेलं कस्टर्ड

[पडद्यावर: काळोख. हळूहळू उजेड येतो, एक छोटी प्लेट, वर नारिंगी लव.]

ही नारिंगी लव दिसतेय ना, मखमलीसारखी? ही बुरशी आहे. आणि ही खायची आहे.

डेन्मार्कमधे कोपनहेगनला अल्केमिस्ट नावाचं रेस्टॉरंट आहे, शेफ रासमुस मुंक यांचं, दोन मिशलिन स्टार असलेलं, तिथे जेवण म्हणजे जवळजवळ नाटकच असतं, डोक्यावर तारांगणासारखा घुमट आणि पन्नासेक छोटे छोटे पदार्थ एकामागून एक येत राहतात. त्यातलंच हे एक डेझर्ट. खाली प्लम वाइनची जेली, तिच्यावर तांदळाचं कस्टर्ड, त्यात साखरेचा कणही नाही, फक्त बुरशीचं विरजण लावून 60 तास ठेवलेलं. शेवटी वरून सिरपचा एक थेंब, तोसुद्धा लिंबाच्या उरलेल्या साली भाजून केलेला.

म्हणजे साखर घातलीच नाही, तरी गोडवा आला, फळांसारखा वास आला. झालं काय, तर बुरशीने एन्झाइम सोडून तांदळातला स्टार्च फोडला आणि त्याची साखर झाली. शेफने काय केलं? योग्य वेळी हात लावला आणि मग 60 तास हात लावला नाही! मला यातलं हे थांबणंच सगळ्यात सुंदर वाटतं.

[पडद्यावर: जावाचा नकाशा, मग बाजारातली नारिंगी वडी.]

पण ही बुरशी कोपनहेगनची नाही. तिचं नाव न्यूरोस्पोरा इंटरमीडिया, आणि ती तिथे पोचली इंडोनेशियातून, पश्चिम जावामधल्या सुंदानी लोकांच्या स्वयंपाकघरातून. तिकडे टोफू करताना सोयाबीनचं दूध काढून झालं की मागे चोथा उरतो. तो वाफवायचा, पसरायचा, त्याला कालच्या घाण्यातली बुरशी लावायची, की दीडेक दिवसात त्याची नारिंगी, घट्ट वडी होते. हा लाल ओन्चोम. काळा ओन्चोम पण असतो, तो शेंगदाण्याच्या पेंडीचा, त्यात बुरशी दुसरी. पेंड म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर गोठाच येतो. तिकडे तिची भाजी होते.

वायू हिल-मैनी हे आधी शेफ होते, मग शास्त्रज्ञ झाले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2024 मधे या लाल ओन्चोमचा अभ्यास छापला. त्यात दिसलं की ही बुरशी साधारण 36 तासात चोथ्याचं अन्न करते, आपल्याला न पचणारं सेल्युलोज, पेक्टिन ती फोडते, आणि विष तयार करत नाही. माणसांनी टाकलेल्या चोथा-भुश्श्यावर वाढणारे तिचे वाण जंगलातल्या वाणांपेक्षा वेगळे निघाले. म्हणजे माणसाच्या नकळत, त्याच्याच उष्ट्यावर वाढत वाढत ती जवळजवळ माणसाळली. डेन्मार्कमधे साठेक लोकांना ओन्चोम चाखायला दिला, आधी कधीच न खाल्लेल्यांना, तर त्यांनी 9 पैकी सरासरी 6 च्या वर मार्क दिले. मुंक यांच्या किचनशी हिल-मैनींनी हातमिळवणी केली आणि त्यातून मघाची प्लेट आली.

[पडद्यावर: सोयाबीनचं शेत, पावसानंतरची माती.]

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. अशा पदार्थांबद्दल बोलताना लोक पटकन म्हणतात, बुरशी आणि वनस्पतीचं सहकार्य. पण चोथा तर शिजलेला, मेलेला असतो, तो काय सहकार्य करणार? तिथे बुरशी सरळ जेवतेय. खरं सहकार्य त्याच्या आधी झालेलं असतं, शेतात. सोयाबीन जिवंत असताना त्याच्या मुळात एक वेगळीच बुरशी शिरते, मायकोरायझा, आपल्याकडे शेतकरी तिला व्हॅम म्हणून ओळखतात, कृषी केंद्रात पुडी मिळते. मुळाच्या पेशीत ती बारीक झाडासारख्या फांद्या पसरते, मातीतलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, आणून देते, बदल्यात झाडाने पानात बनवलेली साखर घेते. स्कॉटलंडमधे राइनी गावाजवळ सुमारे 40 कोटी वर्षं जुने जीवाश्म सापडलेत, त्या झाडांना अजून धड मुळंही नव्हती, पण पेशीत ही बुरशी होती!

तर एकाच दाण्याच्या वाट्याला बुरशी दोनदा येते. पहिल्यांदा झाडाची साखर घ्यायला, दुसऱ्यांदा त्याच्या चोथ्याची चव करायला. मला ती प्लेट बघताना ही पहिली बुरशीसुद्धा आठवते, जी कुठल्याच मेन्यूवर नसते.

[पडद्यावर: नारळाची पेंड. संगीत थांबतं.]

आणि हे ऐकून कुणी घरातल्या बुरसटलेल्या पावाची चव बघायला जाऊ नका, प्लीज. सगळ्या बुरशी अशा नसतात आणि चूक जीवघेणी ठरते. जावातच बान्यूमास भागात नारळाच्या पेंडीला बुरशी लावून टेम्पे बोंगक्रेक नावाची वडी करायचे. कधीकधी त्यात बुरशीऐवजी एक बॅक्टेरिया माजायचा, त्याचं विष शिजवूनही जात नाही, माणसं मेली. शेवटी 1988 मधे सरकारने त्यावर बंदी घातली. लाल ओन्चोम करणाऱ्या घरांना कुठला नारिंगी बरोबर, कुठला वास चुकीचा, हे कळतं, ते पिढ्यानपिढ्या नाकाने शिकलेलं आहे. म्हणून प्लेटचं कौतुक करताना पहिलं नाव त्या घरांचं घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

[पडद्यावर: रस्त्यावरची गाडी, उकळतं तेल.]

पश्चिम जावातल्या बांडुंग शहरात रस्त्यावर याच ओन्चोमचं कोम्ब्रो मिळतं, किसलेल्या कसाव्याचा, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाचा, तळलेला गोळा, आत तिखट ओन्चोम. सुंदानी भाषेत नावाचा अर्थच "आत ओन्चोम". इथे घुमट नाही, तारांगण नाही, कढईतून काढला की कागदात गुंडाळून हातात.

आणि तिकडे करणाऱ्याच्या घरी आजच्या वड्या विकायला निघाल्यात, एक तुकडा तेवढा बाजूला ठेवलाय, उद्याच्या चोथ्यावर चुरायला.