पाणी खालून येतं तेव्हा

पुण्यात पुराचं पाणी म्हटलं की मुठा आठवते, आंबिल ओढा आठवतो. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री त्या ओढ्यानं घेतलेले जीव शहर विसरलेलं नाही. पण नदी-ओढ्यापासून लांब, उंचावरच्या सोसायट्यांमध्येही बेसमेंट भरतात. कधीकधी तर रॅम्पवरून थेंबही आत उतरलेला नसतो आणि खाली गाड्यांची चाकं बुडालेली असतात.

(दृश्य: बेसमेंटचा कोपरा, नहाणी ट्रॅप)

या जाळीकडे नीट पाहा. पाणी इथून वर येतंय. काळपट रंग, वास ड्रेनेजचा.

रस्त्याखालची ड्रेनेज लाइन घराघरातल्या सांडपाण्यासाठी असते, पावसाच्या पाण्यासाठी वेगळी पावसाळी लाइन. पण गच्चीचे पाइप जवळ दिसेल त्या ड्रेनेज चेंबरला जोडून टाकलेले अनेक ठिकाणी सापडतात. 500 चौरस मीटरच्या गच्चीवर 50 मिलिमीटर पाऊस पडला, की 25,000 लिटर पाणी झालं. दहा हजारी अडीच टँकर! एका इमारतीचे. रस्त्यावरच्या सगळ्याच इमारतींनी हेच केलं, तर लाइन काठोकाठ भरते, पाणी मागे फिरतं आणि सगळ्यात खालचं तोंड गाठतं. ते तोंड बेसमेंटमध्ये असतं.

लाइनीत साठलेलं तेल, सॅनिटरी पॅड, सांध्यांतून शिरलेली झाडांची मुळं यांनी हे आणखी लवकर होतं.

पाणी दिसलं की लोक धावत गाडी काढायला उतरतात. कृपा करून उतरू नका. आधी वरून वीज बंद करा. पुष्कळ इमारतींत मीटरचं पॅनेल खालीच असतं, त्यामुळे साठलेल्या पाण्यात करंट उतरू शकतो. आणि तुंबलेल्या चेंबरमध्ये कुणालाही उतरवू नका, कितीही अनुभवी माणूस असला तरी. आतला हायड्रोजन सल्फाइड वायू काही श्वासांत माणूस मारतो. सुरक्षा साधनांशिवाय गटारात माणूस उतरवायला 2013 च्या कायद्यानं बंदी आहे. काम जेटिंग मशिनचं, म्हणजे जोराच्या पाण्यानं लाइन मोकळी करणाऱ्या यंत्राचं आहे.

(दृश्य: संप आणि पंप)

कायमचा उपाय म्हणजे बेसमेंटची जाळी ड्रेनेजपासून तोडायची. तिथलं पाणी संपमध्ये, म्हणजे बेसमेंटच्या तळाशी केलेल्या टाकीत घ्यायचं, फ्लोट स्विचचे, म्हणजे पाणी चढलं की आपोआप सुरू होणारे दोन पंप ठेवायचे आणि वीज गेली तर पंप जनरेटरवर चालतील असं पाहायचं. पंपाचा पाइप रस्त्याच्या पातळीच्या वर नेऊन मग बाहेर सोडायचा, आणि त्यावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप हवीच. संपमधलं पाणी पुन्हा त्याच तुंबलेल्या चेंबरला सोडलं, तर वीज जळते आणि पाणी फेरी मारून परत येतं.

मे महिन्यात एक परीक्षा करा. गच्चीच्या पाइपात रंगवलेलं बादलीभर पाणी ओता आणि खाली चेंबरची झाकणं उघडून बघा. रंग ड्रेनेजच्या चेंबरमध्ये उतरला, तर पहिल्या पावसाआधी तो पाइप तिथून काढून पावसाळी लाइनीला किंवा शोषखड्ड्याला जोडा.