काम झाल्यावर नॉरॲड्रेनलिन जातं कुठे?

हल्ली जो तो विचारतो डोपामिन वाढवायचं कसं, रील्सने वाढतं का, चॉकलेटने वाढतं का. मला उलटा प्रश्न जास्त आवडतो, डोपामिन काय किंवा नॉरॲड्रेनलिन काय, ही नसांच्या पेशींनी सिग्नल पोचवायला सोडलेली रसायनं, एकदा नसेतून बाहेर पडली की मग जातात कुठे? कारण ती तिथेच रेंगाळली तर पुढचा सिग्नल कळणार कसा.

1950च्या दशकात बहुतेकांनी गृहीतच धरलं होतं की एखादं एन्झाइम, म्हणजे रसायनं तोडणारं-बदलणारं प्रथिन, त्यांचा निकाल लावत असणार, ॲसिटिलकोलिन या दुसऱ्या सिग्नल-रसायनाचे जागच्या जागी तुकडे होतात ना, तसंच. अशी रसायनं मोडणारं एमएओ हे एन्झाइम माहीत होतंच, शिवाय अमेरिकेत बेथेस्डाला एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेत ज्युलियस ॲक्सेलरॉडने 1957 साली सीओएमटी हे दुसरं एन्झाइम शोधलं. झालं, सुटला प्रश्न! पण छे, दोन्ही एन्झाइम औषधं देऊन बंद पाडली तरी टोचलेल्या ॲड्रेनलिनचा परिणाम थोड्या वेळात ओसरायचाच.

मग ॲक्सेलरॉड आणि सहकाऱ्यांनी मांजरांवर जो प्रयोग केला तो माझा भयंकर लाडका आहे. मानेतला एकाच बाजूचा सिंपथेटिक गँग्लिऑन, म्हणजे नॉरॲड्रेनलिन सोडणाऱ्या नसांच्या पेशींचा गठ्ठा, काढला आणि त्या बाजूच्या नसांची टोकं मरेपर्यंत थांबले, नंतर रक्तात रेडिओॲक्टिव्ह नॉरॲड्रेनलिन सोडलं. आता बघा, मांजर एकच, रक्त तेच, डोस तोच, पण ज्या बाजूच्या नसा शाबूत तिथल्या लाळग्रंथीत रेडिओॲक्टिव्हिटी भरपूर आणि दुसऱ्या बाजूला फारच कमी. म्हणजे नसच ते परत ओढून घेते! मांडववाला कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या फोडत बसत नाही, टेम्पोत भरून नेतो आणि दुसरीकडे लावतो, तसं.

हे झालं शरीराचं, मेंदूत बघायचं तर वेगळीच अडचण, रक्तात टोचलेलं नॉरॲड्रेनलिन रक्त आणि मेंदूमधली भिंत, म्हणजे ब्लड-ब्रेन बॅरियर, ओलांडून आत जातच नाही. म्हणून पॅरिसहून आलेल्या जॅक ग्लोविन्स्कीने उंदराच्या मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीत, म्हणजे व्हेंट्रिकलमध्येच, ते सोडलं आणि मेंदूही तसंच ओढून घेतो हे दिसलं. आधी इमिप्रामिन हे औषध दिलं असेल तर मात्र हे ओढणं कमी व्हायचं. ते डिप्रेशनवर आधीपासून चालत होतं, फक्त का चालतं ते कुणाला धड सांगता येत नव्हतं, 1964मध्ये निदान एक धागा हाताला लागला. ॲक्सेलरॉडला 1970चं नोबेल मिळालं.

मग एन्झाइमं काय करतात? नसेत परत आलेलं बरंचसं पुन्हा पुटिकांत, म्हणजे साठवणीच्या बारीक पिशव्यांत, भरलं जातं, जे पुटिकांबाहेर राहतं त्याला पेशीतल्या मायटोकाँड्रियाच्या बाहेरच्या आवरणावरचं एमएओ गाठतं, सीओएमटीचं काम मुख्यतः नसेच्या बाहेर, आणि डोपामिनचं शेवटी होमोव्हॅनिलिक ॲसिड होऊन लघवीतून जातं. कपाळामागच्या प्रीफ्रंटल भागात डोपामिन नसेत परत ओढणारे पंप अगदी कमी, तिथे सीओएमटीला बराच भाव आहे.

आणि एमएओ नुसतं मेंदूतच नाही हं, आतड्यात आणि लिव्हरमध्येही आहे. मुरवलेल्या चीजमधलं टायरामिन हे रसायन एरवी ते तिथेच संपवतं. पण डिप्रेशनसाठी जुनी एमएओ बंद करणारी औषधं चालू असली की हेच टायरामिन रक्तात शिरतं, नॉरॲड्रेनलिन परत ओढणाऱ्या पंपातूनच नसेत घुसतं आणि आतलं नॉरॲड्रेनलिन बाहेर ढकलतं, बीपी एकदम वर. ताज्या पनीरमध्ये टायरामिन फारसं नसतं, महिनोन्महिने मुरवलेल्या चीजचीच भीती.