नाव जगावेगळं, हाक रोजची

नमस्कार, श्रोतेहो.

घरात मुलगा जन्मला की दोन गोष्टींची टंचाई होते, झोपेची आणि नावाची. त्यातून हल्ली अट अशी की नाव कुणाचंच नसलेलं हवं. माझी त्याला हरकत नाही. फक्त दोन कामं करा. नाव मोठ्याने हाक मारून बघा आणि अर्थ छापील कोशात बघा. परत सांगते, रेडिओवर मागचं पान उलटता येत नाही: हाक मारून बघा, कोशात बघा.

हे शहाणपण मला कसं आलं, ते ऐका.

माझ्या भाचीला मुलगा झाला. पाचव्या दिवशी तिचा फोन.

"मावशी, नाव ठरलं. अनृत."

"काय?"

"अनृत गं! अ, मग न ला ऋ, मग त. आम्ही शोध शोध शोधलं, कुणाचंच नाहीये."

"आणि अर्थ?"

"ॲपवर दिलाय ना, अविनाशी, दैवी."

मी गप्प बसले. ऋत हा वेदातला शब्द. ऋत म्हणजे सृष्टीचा नियम, सत्य. त्याच्या उलट ते अनृत. म्हणजे खोटं. बाळाला उठता-बसता हाक मारायची, "ए खोट्या, जेवायला चल!" पण बोलणार कशी? आमच्याकडे आधीच म्हणतात, ही नाव ऐकलं की नावं ठेवते. फोन ठेवला आणि आपट्यांचा संस्कृत कोश काढला. मूळ १८९० सालचा. माझी प्रत पुष्कळ नंतरची, पुठ्ठा निखळलेली. स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं. खोटंच ते.

(जाता जाता सांगते, भिंतभर टीव्ही लावणाऱ्या घरांत एक कोश ठेवायला जागा नसते, हे मला कधीच कळलेलं नाही. असो.)

बाळाला बघायला जायला मला आठवडा लागला, आणि तेवढ्यात घोटाळा झाला. ताईने, म्हणजे बाळाच्या आजीने, पांढऱ्या दुपट्यावर नाव भरलं होतं. हिरवं रेशीम, साखळी टाका, अंगठ्याएवढी अक्षरं. दारातच माझ्यासमोर धरलं, "बघ गं, कसं दिसतंय?"

ताईला स्वयंपाकघरात नेलं आणि हळूच सांगितलं. ती काही बोलेना. दुपट्यावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "चार रात्री जागलेय मी. उसवणार नाही."

चष्मा लावला, सुई ओवली आणि न च्या डाव्या टोकापासून वर शिरोरेषेपर्यंत एक उभी रेघ भरली. खाली एक गाठ. न चा म झाला. अनृतचा अमृत झाला, श्रोतेहो! एका रेघेत.

भाचीला अर्थ पटला, पण ती रुसली. "अमृत? शी, हे तर आजोबांच्या वेळचं नाव!"

तिचं खरं होतं. पण आता हाकेकडे येऊ, वेळ कमी आहे.

नाव कागदावर सुंदर दिसतं आणि तोंडात अडकतं. आपण मराठीत ऋ चा उच्चार रु करतो, हिंदीत तो रि होतो. यज्ञेशमधला ज्ञ आपल्याकडे द्न्य, हिंदीत ग्य. हेच नाव इंग्रजी अक्षरांत हजेरीपटावर चढलं की बाई काय वाचतील, याचा नेम नाही, आणि पोरगं जन्मभर दुरुस्त्या करत बसतं. म्हणून दुसऱ्या खोलीत जाऊन हाक मारून बघा. मागे 'या' लावूनही बघा, कारण आपण तो लावल्याशिवाय राहत नाही: सुन्या, पक्या, मन्या. अगस्त्य तेवढा सुटला, त्याच्यात य आधीच आहे.

आणि अगदीच जगावेगळं म्हणाल, तर स्वीडनमधलं एक जोडपं ऐका. मुलगा पाच वर्षांचा झाला तरी त्यांनी नाव नोंदवलं नाही. १९९६ साली त्यांना ५,००० क्रोनर दंड झाला. त्यांनी चिडून अक्षरं आणि आकडे मिळून ४३ चिन्हांचं नाव दिलं, उच्चार म्हणे 'अल्बिन'. ते नामंजूर झालं. आता ४३ चिन्हांची हाक मारेपर्यंत मुलगा रस्ता ओलांडून गेला असता. तशा हाका तरी कोण मारतं म्हणा, हल्ली एकाच घरात वरच्या खोलीतून खालच्या खोलीत मेसेज जातो, "जेवायला ये." मला ते आवडत नाही.

तर परत: हाक मारून बघा, कोशात बघा. आणि 'कुणाचंच नाही' यावर फार विसंबू नका, कारण तुम्ही शोधताय तेव्हा बाकीचेही तेच शोधत असतात.

आमचा अमृत आता तिसरीत आहे. त्याच्या वर्गात तीन विहान आहेत, दोन विवान आहेत, एक कियान आहे. अमृत एकटाच. भाची आता ते नाव कुणी विचारलं की ऐटीत सांगते.

दुपटं जपून ठेवलंय. त्या दिवशी घाईत ताईला ते हिरवं रेशीम सापडलं नव्हतं, म्हणून ती एक रेघ पोपटी आहे. अमृत परवा त्यावर बोट ठेवून म्हणाला, "आजी, इथेच रंग का बदललाय?"

ताई माझ्याकडे बघत म्हणाली, "दोरा संपला होता रे."

नमस्कार.